काळ्या पाण्याचे व्याही

अमेरिकेहून परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो मला नायगाऱ्याबद्दल विचारतो. आम्ही नायगारा पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला नाही आणि व्हाइट हाउससमोर उभं राहून फोटोही काढला नाही. टेक्सासमधल्या शुगर लँड नावाच्या गावात दीड महिना राहिलो, एकदा समुद्रावर जाऊन आलो आणि परतलो. "एवढ्यासाठी एवढं लांब गेलात?" असं शेजारच्या देशपांडेबाईंनी तोंडावर विचारलं. आम्ही भाचीसाठी मुलगा पाहायला गेलो होतो, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मुलगा तरी धड पाहिलात ना?"

मुलगा ठीक होता. पाहण्यासारखा होता तो मुलाचा बाप.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी, मी आणि अक्का. माझी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, चौथीपर्यंत शिकलेली, आणि तिचं सगळे ऐकतात. आमची आई लवकर गेली. अक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि तिने मला आणि धाकट्या श्रीधरला वाढवलं. श्रीधर पुढे इंजिनिअर झाला, तेल कंपनीत लागला, अमेरिकेत गेला, पण अक्काच्या धाकातून काही बाहेर पडला नाही. त्याच्या मुलीने, मुक्ताने, एका ऑस्ट्रेलियन मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा त्याने फोनवर सांगून टाकलं, "अक्का हो म्हणाली तर लग्न. नाही म्हणाली तर मी उभा राहणार नाही." सत्तावन्न वर्षांचा, दोन गाड्या बाळगणारा माणूस हे बोलत होता.

अक्काने माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "मुलगा गोरा आहे का काळा, ते मला सांगू नकोस. घराणं कसलं आहे ते मी येऊन बघते."

घराण्याच्या बाबतीत आमचं नाक जरा वर असतं. आमचे आजोबा इंग्रजी अमलात जिल्हा कोर्टात शिरस्तेदार होते, म्हणजे जज्जसाहेबांचे मुख्य कारकून. सरकारने त्यांना रावसाहेब केलं होतं. त्यांची लाल पगडी अजून आमच्याकडे काचेच्या पेटीत आहे, आणि आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक स्थळाला चहाआधी ती पगडी पाहावी लागते. पगडी अमेरिकेला नेता येणार नव्हती, म्हणून अक्काने तिचा फोटो काढून घेतला.

ह्यूस्टन

विमानतळावर उटण्याने घात केला. एकोणीसशे नव्व्याण्णवची दिवाळी आम्ही तिकडेच करणार होतो, म्हणून अक्काने घरचं उटणं भरून घेतलं होतं. कस्टमच्या माणसाने ती तपकिरी पूड दोन बोटांत धरली, हुंगली आणि सटासट शिंकला. मग त्याने साहेबाला बोलावलं. साहेबही शिंकला.

हे खायचं असतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही, सणाच्या दिवशी पहाटे अंगाला लावतात.

"त्याला म्हणावं, चोळून बघ," अक्का मागून म्हणाली. "चेहरा किती रापलाय मेल्याचा. कांती सुधारेल."

मी हे भाषांतर केलं नाही. "माझी बहीण म्हणते, तुम्ही फार कष्ट घेता," एवढंच सांगितलं. साहेब खूश झाला आणि आम्हाला सोडलं. दुभाष्याच्या धंद्यात काय गाळायचं याचं शिक्षण मला असं पहिल्या तासाभरातच मिळालं.

शुगर लँड

गाव छान आहे. फक्त त्यात माणसं नाहीत. सगळीकडे कापलेली हिरवळ, एकसारखी विटांची घरं, रुंद रस्ते, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऑक्टोबर संपत आला तरी हवा दमट आणि गरम. अक्का दोन दिवस खिडकीत बसून राहिली आणि तिसऱ्या दिवशी श्रीधरला म्हणाली, "इथे संचारबंदी आहे का रे?"

गावाच्या कडेला मात्र आम्हाला माणसं दिसली. पांढरे स्वच्छ कपडे घातलेले पन्नासएक पुरुष रांगेने शेत खुरपत होते आणि एकजण घोड्यावर बसून त्यांच्याकडे बघत होता. अक्काला फार बरं वाटलं. "सेवादलाचं शिबिर दिसतंय," ती म्हणाली.

श्रीधर गाडी चालवत होता. त्याचे कान लाल झाले. "अक्का, ते प्रिझनर्स आहेत. ही जेलची शेती आहे."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. गावाचं नाव उसावरून पडलंय. शंभर वर्षांपूर्वी इथल्या उसाच्या मळ्यांवर भाड्याने आणलेले कैदी राबायचे. आता ऊस गेला, घरं आली, आणि तुरुंग कडेला राहून गेला. साताऱ्याच्या माणसाला ऊस म्हटलं की घरी आल्यासारखं वाटतं, पण हे ऐकून अक्काने खिडकीची काच वर घेतली.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, "श्रीधर, तुझ्या या अमेरिकेत इंग्रज आपले चोर-दरोडेखोर आणून टाकायचे, माहीत आहे? जहाजं भरभरून. मग अमेरिका स्वतंत्र झाली आणि ते बंद पडलं. इंग्लंडातले तुरुंग तुंबले. माणसं कुठे टाकायची हा प्रश्न पडला तेव्हा त्यांना ऑस्ट्रेलिया आठवली. म्हणजे हा देश सुटला म्हणून तो देश तुरुंग झाला."

मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, "आत्या, डॅनीच्या डॅडसमोर प्लीज हिस्टरी नको."

"का? त्यांना राग येतो?"

"नो. ते मग थांबतच नाहीत."

दोन दिवसांनी ती मला भाजी आणायला घेऊन गेली आणि दुकानाबाहेर गाडी उभी करून उतरलीच नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. "आत्या, मी उद्या कोर्टात जाऊन लग्न करू शकते, यू नो दॅट. पण बाबा आले नाहीत तर आय वोन्ट फर्गिव्ह हिम. आणि ते स्वतःला पण माफ नाही करणार." तिचे डोळे भरून आले होते. "मोठ्या आत्याने अक्षता टाकायच्या. दॅट्स ऑल आय वाँट, यार." आत्याला यार म्हटलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. मला गलबलून आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि आम्ही जाऊन वांगी घेतली. तिकडे वांगं डोक्याएवढं असतं आणि चव पाण्याची.

गॅल्व्हेस्टन

मुलाच्या बापाने आम्हा सगळ्यांना समुद्रावर नेलं. त्याचं नाव रॉस. साठीचा, दांडगा, उन्हाने भाजून विटेच्या रंगाचा झालेला. तेलाच्या विहिरी खणण्यात जन्म गेलेला. बायको वारलेली. अर्धी चड्डी घालून व्याह्यांना भेटायला आला होता. मुलगा डॅनी त्याच्या मानाने अगदीच गरीब गाय. त्याने आल्याबरोबर वाकून अक्काच्या पायांना हात लावला. मुक्ताने शिकवलेलं दिसत होतं, कारण मग तो माझ्या पाया पडला, मग श्रीधरच्या, आणि त्या भरात स्वतःच्या बापाच्या दिशेनेही वाकला.

अक्का मांसमच्छी खात नाही हे रॉसला ठाऊक होतं. त्याने तिच्यासाठी त्यांच्याकडचा एक काळा लेप लावून पावाचे तुकडे आणले होते. अक्काने एक घास खाल्ला आणि बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. समुद्र दुधाच्या चहाच्या रंगाचा होता. "औषधी असणार," ती मला हळूच म्हणाली. "इतकं वाईट उगाच कुणी करणार नाही."

मग तिने पिशवीतून पगडीचा फोटो काढला आणि चौकशी सुरू झाली. मी मध्ये बसले. गाव, शेतीवाडी, भाऊबंद, आजार. रॉस मोकळेपणाने सांगत होता. शेवटी अक्का म्हणाली, "आता मूळ घराणं विचार. पहिला पुरुष कोण, कुठला?"

मी विचारलं आणि तो माणूस फुलला. इतका वेळ वाळूत लोळल्यासारखा बसला होता, तो ताठ झाला. या प्रश्नाची तो वाटच पाहत असावा. म्हणाला, "आमचा पहिला माणूस सरकारी खर्चाने आला. पायात बेड्या, जहाजाच्या तळाशी, सात वर्षांची शिक्षा. इंग्लंडच्या कोर्टाने पाठवला. जमीनदाराची एक मेंढी चोरली होती!"

मी अक्काकडे वळले आणि भाषांतर सुरू केलं. "यांच्या मूळ पुरुषाला इंग्रजांनी पायात बेड्या घालून काळ्या पाण्यावर पाठवलं होतं..."

पुढचं वाक्य सांगायला मी श्वास घेतला तेवढ्यात अक्काने हात वर केला. तिने डोळे मिटले होते. मग दोन्ही हात जोडून तिने रॉसला नमस्कार केला, अगदी कपाळ हातांना टेकवून.

"बस, कुसुम. पुढे नको. अशा घराण्याची आणखी चौकशी करायची म्हणजे पाप आहे."

यात तिची काय चूक? आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. इंग्रजांनी ती जहाजं खास देशभक्तांसाठीच सोडली होती आणि साधा चोर त्यात चढूच शकत नव्हता, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. मीही मुलांना तसंच शिकवलं. अंदमानात खुनी आणि दरोडेखोरही होते, पण ते परीक्षेला नव्हते.

अक्काने करंज्यांचा अख्खा डबा रॉसच्या मांडीवर ठेवला. "घ्या, रॉसराव," म्हणाली. मुक्ता तिच्या गळ्यात पडली. श्रीधर चष्मा पुसायला लांब जाऊन उभा राहिला. आणि मेंढी माझ्या घशातच राहिली.

पुन्हा शुगर लँड

त्या संध्याकाळी अक्का झोपल्यावर स्वयंपाकघरात आमची बैठक बसली. "तू खोटं बोलली नाहीस ना, कुसुमताई? मग झालं तर," श्रीधर म्हणाला. त्याच्या बायकोचं, शैलाचं, म्हणणं की दोनशे वर्षांपूर्वीची मेंढी, ती आता कोण मागायला येणार आहे? फक्त मुक्ता अस्वस्थ होती. "रॉसला कळलं ना, ही विल बी फ्युरियस. ही लव्ह्ज दॅट शीप."

हे मला आधी समजेना. मग तिने सांगितलं की त्यांच्याकडेही पूर्वी लोक असा पूर्वज लपवून ठेवायचे. आता उलट झालंय. ज्याच्या घरात एखादा कैदी निघत नाही त्याला चारचौघांत बसायची लाज वाटते. आपल्याकडे पगडी असते तशी त्यांच्याकडे बेडी.

प्रकरण एवढ्यावर राहिलं असतं, पण अक्का दोन भजनांना जाऊन आली. तिकडच्या मराठी बायका आठवडाभर फोनवरच असतात. शुगर लँडमधल्या एकूण एक घरात बातमी पोहोचली की श्रीधरच्या मुलीने स्वातंत्र्यसैनिकाच्या घराण्यातला मुलगा पटकावला. आणि आपली माणसं दोन जमली की मंडळ काढतात आणि मंडळ निघालं की सत्कार करतात. सातासमुद्रापलीकडेही ही खोड सुटलेली नाही.

दिवाळीच्या दिवशी सकाळी रॉस आणि डॅनी फराळाला आले. पहाटे उटणं लावून झालं होतं, दारात शैलाने रांगोळी काढली होती. रॉसचा चेहरा पडलेला होता. आदल्याच दिवशी त्यांच्या देशात मतदान झालं होतं. इंग्लंडच्या राणीला रजा देऊन आपला राष्ट्राध्यक्ष नेमायचा का, असा प्रश्न होता. रॉसने टपालाने मत पाठवलं होतं. निकाल लागला तो असा की राणीच राहू दे.

अक्काला हे काही केल्या पटेना. "इंग्रजांनी बेड्या घालून पाठवलं, आणि अजून राज्य राणीचंच?"

मी समजावलं. राणीचं फक्त तोंड, तेही नाण्यावर. राज्य त्यांचं तेच करतात. कैद्यांची शिक्षा संपली की त्यांना जमिनी मिळाल्या. कैद्यांतलेच काही पोलीस झाले, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मग एकेका वसाहतीने आपला कारभार मागून घेतला, पुढे सगळ्या वसाहती एकत्र आल्या आणि देश झाला. मीठ उचलावं लागलं नाही, लढाई करावी लागली नाही. जमीन मुळात ज्यांची होती त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. हे शेवटचं मी इंग्रजीतही म्हटलं. रॉसने मान खाली घातली. "तिथे आमच्या माणसाने मेंढीपेक्षा मोठी चोरी केली," तो म्हणाला. हे मी गाळलं. मेंढीचा उल्लेख मला परवडणारा नव्हता.

अक्का जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे वेगळी चूल मांडली, पण देव सासूकडेच ठेवले."

हे भाषांतर करता करता फोन वाजला. कुणाचेच हात मोकळे नव्हते, म्हणून निरोप घेणाऱ्या यंत्राने तो उचलला आणि मंडळाच्या अध्यक्षांचा आवाज सगळ्या घरात घुमला. "श्रीधर, हॅपी दिवाली! ते ऑस्ट्रेलियन फ्रीडम फायटर फॅमिलीचे गेस्ट आहेत ना, त्यांचं फुल नेम कळव यार. संध्याकाळी शॉल-श्रीफळ देताना अनाउन्स करायचंय."

चकली तोंडात तशीच ठेवून रॉसने विचारलं, "फ्रीडम फायटर कोण?"

मुक्ताने डोळे मिटून घेतले. मग तिनेच त्याला सांगितलं, इंग्रजीत, भरभर, एका दमात. ऐकता ऐकता तो माणूस विटेचा होता तो जास्वंदीसारखा लाल झाला. "माझ्या माणसाने आयुष्यात एकच नाव घेण्यासारखं काम केलं," तो म्हणाला, "आणि तेही तुम्ही काढून घेता?" मी सांगते, मी आत्ताच सांगते, असं मी म्हणाले. त्याने मला हातानेच गप्प केलं. दुभाष्यावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

त्याने सोफ्यावरचा लोड उचलला, अक्काला दाखवला आणि मेंढीसारखा ओरडला. पुन्हा ओरडला, कारण पहिल्यांदा ते बकरीसारखं झालं. मग लोड खांद्यावर टाकून तो मोठा देह चवड्यांवर खोलीभर फिरला, इकडेतिकडे बघत. मग दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून तो अक्कापुढे उभा राहिला आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिला.

डॅनी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मुक्ताने त्याची बाही घट्ट धरली होती. श्रीधर बापासारखा दिसत नव्हता, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा दिसत होता.

"मेंढी कुणाची होती?" अक्काने मला विचारलं.

"जमीनदाराची."

"घरात खाणारी तोंडं?"

मी रॉसला विचारलं. "पाच मुलं. त्यांना तो परत कधी भेटला नाही."

अक्काने हातातली करंजी ताटात ठेवली. मग बोलली ती माझ्याशी नव्हे, श्रीधरशी नव्हे, नुसतीच.

"मी सात-आठ वर्षांची असेन. आपल्या आळीतल्या तालमीतला एक मुलगा सरकारविरुद्ध कट केला म्हणून धरला होता. काळ्या पाण्याची शिक्षा झाली. साहेबाचं इंग्रजी, त्याचं मराठी करून आजोबांनीच वाचून दाखवलं कोर्टात. दुपारी त्याची आई आपल्या दाराशी आली. आजोबा म्हणाले, दार लाव. मी लावलं. आत जिलब्या होत्या. रावसाहेबकी आली होती ना त्या दिवशी. मी दोन खाल्ल्या."

"तो परत आला?" श्रीधरने विचारलं.

"नाही रे. आणि मी इथे येऊन लोकांचं घराणं विचारतेय." तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "कुसुम, यांना सगळं सांग. एक अक्षर गाळू नकोस. आणि विचार, आमच्या घरातली मुलगी त्यांना चालेल का?"

मी सांगितलं. लाल पगडी सांगितली, दार सांगितलं, जिलब्याही सांगितल्या. रॉस खांद्यावर लोड घेऊनच ऐकत होता. माझं सांगून झाल्यावर त्याने लोड खाली ठेवला, त्याच्यावरच बसला आणि अक्काच्या अगदी समोर तोंड आणून गंभीरपणे एक प्रश्न विचारला.

"ते विचारतात," मी म्हटलं, "आजोबांनी कधी काही चोरलं होतं का?"

"छे! पैसुद्धा नाही," अक्का म्हणाली.

रॉसने मान हलवली, मोठा सुस्कारा सोडला, एकदा मुक्ताकडे पाहिलं आणि दोन शब्द बोलला.

"काय म्हणतात?" अक्काने घाबरून विचारलं.

"म्हणतात, अरेरे. पण चालवून घेऊ."

संध्याकाळी सत्कार झाला. शाल आधीच आणलेली होती. रॉसने माइक हातात घेऊन मेंढीची गोष्ट सांगितली आणि टाळ्या पडल्या, कारण मागच्या रांगांत काही ऐकू येत नव्हतं.

पगडीची पेटी आता माळ्यावर गेली आहे. लग्न येत्या मार्चमध्ये साताऱ्यातच व्हायचंय. परवा अक्का अक्षतांचे तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती, तेव्हा देशपांडेबाईंनी कुंपणावरून विचारलं, "अक्का, मुलगा राहू दे, घराणं कसं आहे ते सांगा."

अक्काने एक खडा काढून अंगणात टाकला.

"आमच्यापेक्षा बरं," ती म्हणाली.